उंबरद्याचा पास

दारणखेडे स्टेशनाची शताब्दी साजरी करायचं ठरलं, तेव्हा ते स्टेशन नक्की कधी सुरू झालं हे गावात एकालाही माहीत नव्हतं. तरी समिती झाली. समितीला अध्यक्ष मिळाला, दोन उपाध्यक्ष मिळाले, चार सल्लागार मिळाले, आणि पहिली बैठक फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा यावर संपली. मला त्यांनी इतिहासकार केलं. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं आवक-जावक कारकून होतो. इतिहासाशी माझा संबंध एवढाच, की माझं अक्षर चांगलं आहे आणि जुने कागद मी रद्दीत घालत नाही. आमच्या गावात तेवढ्यावर माणूस विद्वान ठरतो.

स्टेशन म्हणजे काय तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं दगडी इमारत, घड्याळ, हिरवं निशाण वगैरे. नाशिकरोडहून इगतपुरीकडे जाताना, गावापासून दीड किलोमीटरवर एक बुटका प्लॅटफॉर्म आहे. वर पत्र्याची शेड. खाली सिमेंटची दोन बाकं, एकावर आमच्या गावच्या प्लॉटवाल्या अमितशेठच्या आजोबांचं नाव आणि दुसऱ्यावर अमितशेठच्या वडिलांचं. कडेला एक खोली आणि तिला हातभर खिडकी. सकाळी सात बाराला नाशिकरोडकडे जाणारी गाडी थांबते, संध्याकाळी सहा चाळीसला परतीची. संपलं स्टेशन. पण त्या दोन गाड्यांवर गावातली तीनशे माणसं नोकरीला, कॉलेजला, दवाखान्यात जातात.

असल्या स्टेशनावर रेल्वेचा पगारी माणूस नसतो. तिकिटं विकायला एजंट नेमतात, त्याला तिकिटामागे कमिशन. आमचा एजंट सहादू. कमिशनवर घर चालत नाही म्हणून तो खिडकीच्या बाजूलाच चहाची टपरी चालवतो. अख्खं गाव त्याच्याकडे चहा पितं, त्याच्या चहाला नावं ठेवतं आणि त्याला चेष्टेने 'स्टेशन मास्तर' म्हणतं.

आता इतिहास. साल सोडलं तर खरा इतिहास मला ठाऊक होता. आमच्या इथे खडीची खाण होती. रुळांखालची खडी फोडायला पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून माणसं आणलेली. खडी भरायला मालगाडी थांबायची आणि ती माणसं बाजाराच्या दिवशी त्याच गाडीत चढून नाशिकला जायची. कुणा साहेबाच्या लक्षात आलं की हे लोक तसेही चढतातच, मग तिकीट तरी घ्यावं. म्हणून पॅसेंजर थांबायला लागली. त्यावर गावातल्या मान्यवरांनी काय करावं? विरोधाचा अर्ज केला. स्टेशन झालं तर रोगराई येईल, चोर येतील, आणि शेतावर मजूर टिकणार नाहीत. या अर्जावर पहिली सही अमितशेठच्या पणजोबांची आहे. नक्कल माझ्या ट्रंकेत आहे. पुढे पंधरा-वीस वर्षं आमचे पूर्वज त्याला 'खडीवाल्यांचं स्टेशन' म्हणायचे आणि नाक वर करून बैलगाडीने नाशिकला जायचे. खाण संपली, खडीवाले पांगले. गेणू नावाच्या एका खडीवाल्याचं घर तेवढं राहिलं. सहादू त्याचा पणतू.

हे सगळं माहीत असून स्मरणिकेत मी काय लिहिलं? 'अमितशेठ यांच्या दूरदृष्टीच्या पणजोबांनी आपली सोन्यासारखी जमीन रेल्वेस दान दिली.' स्मरणिकेच्या छपाईचा खर्च अमितशेठ करणार होता आणि लेखाखाली माझं नाव ठळक अक्षरात येणार होतं. तेवढ्यावर मी विकला गेलो. मी महाग माणूस कधीच नव्हतो.

स्मरणिका छापायला गेली त्याच आठवड्यात रेल्वेच्या ऑफिसातून पत्र आलं. करोनाच्या काळात बंद झालेला आमचा थांबा मागे प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा दिला होता. पत्रात म्हटलं होतं, की या स्टेशनावरून दिवसाला सरासरी एकोणीस तिकिटं विकली जातात, आणि मासिक पास गेल्या वर्षभरात एकही निघालेला नाही. सबब थांबा चालू ठेवणं परवडत नाही. अंतिम निर्णयाआधी अधिकारी पुढच्या गुरुवारी सकाळी समक्ष पाहणी करतील.

मारुतीच्या सभामंडपात बैठक भरली. अमितशेठ चवताळलेला होता. त्याचा प्लॉटिंगचा धंदा. 'रेल्वे स्टेशनपासून फक्त पाच मिनिटांवर' अशी त्याची जाहिरात नाशिकच्या द्वारका चौकापासून सगळीकडे लागलेली. स्वतः तो गेल्या दहा वर्षांत रेल्वेत बसलेला नाही.

"रोज तीनशे लोक चढतात," तो म्हणाला, "आणि तिकिटं एकोणीस? खिडकीवर माणूस बसतो का झोपतो?"

सगळ्या माना सहादूकडे वळल्या. तो मागे खांबाला टेकून उभा होता.

"मी पावणेसहाला खिडकी उघडतो, शेठ," तो म्हणाला. "कोनी येतच नाय. आन का येत नाय ते समद्यांना ठाऊक हे."

 ते खरोखरच सगळ्यांना ठाऊक होतं.

गोष्ट अशी. रेल्वेच्या पासाचे पैसे अंतराच्या टप्प्यावर ठरतात. आमच्या पुढचं स्टेशन उंबरदे, सहा किलोमीटरवर. दारणखेडे ते नाशिकरोड आणि उंबरदे ते नाशिकरोड ही दोन्ही अंतरं एकाच टप्प्यात बसतात. म्हणजे पैसे तेवढेच. मग आमचा माणूस दारणखेड्याचा पास काढेल? त्याच पैशात सहा किलोमीटर जास्त मिळत असताना? शिवाय उंबरद्याला संध्याकाळी एक एक्स्प्रेस थांबते. सहा चाळीस चुकली तर एक्स्प्रेसने उंबरद्याला उतरायचं, मग घरून कुणीतरी मोटारसायकल घेऊन न्यायला यायचं, त्याने वाटेत शिव्या घालायच्या. असा प्रसंग माझ्यावर एकतीस वर्षांत चारदा आला. तरी माझ्या खिशात उंबरद्याचा पास, आणि गावातल्या प्रत्येकाच्या खिशात उंबरद्याचा पास. बाप पोराला पहिला पास काढून देताना कानात सांगतो, 'स्टेशन उंबरदे सांग बरं का.' आता मोबाईलवर पास निघतो, तर मोबाईलवरही उंबरदे. ही युक्ती पहिल्यांदा कुणाला सुचली ते माहीत नाही, पण जो तो ती आपल्या आजोबांना सुचली असं छाती फुगवून सांगतो. फुकट ते पौष्टिक. जे सहा किलोमीटर आम्ही जात नाही, ते वर्षानुवर्षं आम्ही खिशात घालून हिंडलो.

रेल्वेच्या दप्तरात मग दारणखेड्याहून चढतं कोण? फक्त डोंगरातल्या मजूर बाया. स्टेशनामागच्या माळावर त्यांची पालं असतात. नाशिकरोडला बांधकामावर जातात. त्या रोज खिडकीशी येऊन तिकीट काढतात. एकोणीस तिकिटं ती त्यांची.

हे त्या सभामंडपात कुणीतरी बोलायला हवं होतं. मी बोलायला हवं होतं. सगळ्यांत जुना पासवाला मीच. पण पहिला कोण बोलणार? बोललं की पुढचा प्रश्न येणार, 'नाना, तुमचा पास कुठला?'

"उलट बोलतोय बघा," मागून कुणीतरी म्हणालं. लगेच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि तोंडं सुटली. सहादू वेळेवर खिडकी उघडत नाही. सहादू टपरीवरच असतो. सहादूकडे सुटे नसतात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी तिथे प्रत्यक्ष ऐकल्या, एकदम साठ-सत्तर जणांच्या. शेवटी असं ठरलं, की अधिकाऱ्यांना तक्रारअर्ज द्यायचा, सहादूला काढायचं आणि खिडकी अमितशेठच्या मेहुण्याला द्यायची. मेहुणा राज. त्याचं खिडकीशी नातं एवढंच, की तो चालत्या गाडीच्या कुठल्याही खिडकीतून अचूक थुंकतो.

अर्ज लिहिणार कोण? चांगल्या अक्षराचा माणूस. मी लिहिला. 'सदर एजंट वेळेवर हजर राहत नसल्याने प्रवासी जनतेची कुचंबणा होत असून' असं मी लिहिलं आणि 'कुचंबणा' हा शब्द आठवला म्हणून स्वतःवर खूश झालो. खाली एकशे बावीस सह्या पडल्या. त्यातल्या निम्म्या लोकांनी त्या सकाळी सहादूच्या हातचा चहा प्यायला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहादू माझ्या घरी आला. मी बस म्हणालो, तर तो ओट्याच्या पायरीवर बसला. अर्ज मी लिहिला हे त्याला माहीत होतं. आमच्या गावात पोटात काही राहत नाही. पण त्याविषयी तो एक अक्षर बोलला नाही, आणि मला त्याचाच राग आला.

"नाना, तुमचं लोक ऐकत्यात," तो म्हणाला. "येक काम करा. समद्यांना सांगा, या महिन्याचा पास हितला काढा. दारणखेड्याचा. पैसं तेवढंच लागत्यात. मला पासाचं कमिशन बी नाय, खिडकीवर पास निघत नाय. फकस्त नाव बदलायचं."

"बघू," मी म्हणालो.

"खिडकी राजला द्या, माझं म्हननं नाय. पन गाडी थांबली तर माझी टपरी ऱ्हाईल. गाडीच गेली तर काय? मंग मी बी दिंडोरीला, द्राक्षाच्या छाटणीला. आमच्या घरात तीन पिढ्या कोनी बिऱ्हाड पाठीवर घेतलं नाय, नाना. माझी पायल अकरावीला हे. ती ह्याच गाडीनं जाती कालेजला. तिला कुठं ठेवू?"

"बघू म्हणालो ना," मी म्हणालो.

तो गेला. माझी सून पूजा आतून ऐकत होती. ती नाशिकरोडला एका लॅबमध्ये कामाला आहे, रोज सात बाराने जाते. "बाबा, तो म्हणतो ते किती सोपं आहे," ती म्हणाली. "एवढंच करायचं तर अर्ज कशाला?" मी तिला म्हणालो, तुला गावाचं राजकारण कळत नाही. तिने मोबाईल काढला, तिचा पास दोनच दिवसांत संपत होता, आणि पुढचा पास तिने माझ्यासमोर दारणखेड्याचा काढला. मला तो आगाऊपणा वाटला.

गुरुवारी सकाळी साडेसहालाच प्लॅटफॉर्म भरला. समितीने अधिकाऱ्यासाठी फेटा आणि फेटा बांधणारा पंचवटीतून आणवला होता. अधिकारी म्हणून जीपमधून उतरल्या त्या पन्नाशीच्या एक बाई, खांद्याला पर्स, हातात डबा. फेटा बांधणारा तसाच हात वर करून उभा राहिला. अमितशेठने फेटा बाजूला सारून त्यांच्या हातात नारळ दिला, स्मरणिका दिली, आणि वर तक्रारअर्ज ठेवला. मग दानशूर पणजोबांवर बोलायला लागला. बाईंनी स्मरणिका पर्समध्ये टाकली, अर्ज उभ्याउभ्या वाचला आणि घड्याळ पाहिलं. सहा बावन्न झाले होते.

"खिडकी उघडी आहे," त्या म्हणाल्या.

"आज तुम्ही येणार म्हणून, मॅडम," अमितशेठ म्हणाला.

"बरं. गाडीला वीस मिनिटं आहेत. रोज जाणाऱ्यांनी जरा पास दाखवता का?"

असं काही होईल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या रांगेने चालत गेल्या. पहिला पास, उंबरदे. दुसरा, उंबरदे. एकाने मोबाईल चार्ज नाही म्हणून सांगितलं, त्याच्या बायकोने स्वतःचा दाखवला, उंबरदे. बाई रागावल्या असत्या तरी चाललं असतं. त्या रागावल्या नाहीत. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, आणि ते आवरण्यासाठी त्या ओठ आत घेत होत्या. तीसेक पास झाल्यावर पूजाचा मोबाईल आला.

"दारणखेडे!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "तुम्ही कशा काय?"

"चुकून," बाजूचा एक म्हणाला, आणि सगळे हसले. पूजा हसली नाही.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला मजूर बाया घमेली घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातली वयाने मोठी चिमणाबाई. बाईंनी तिच्यापुढे हात केला. तिने कनवटीचं पुठ्ठ्याचं तिकीट काढून दिलं. दारणखेडे ते नाशिकरोड, आजची तारीख. मागच्या सगळ्यांचं तेच.

"मावशी, तुम्ही इथलंच तिकीट का काढता?" बाईंनी विचारलं.

चिमणाबाईला प्रश्नच कळला नाही. तिने आधी सहादूकडे पाहिलं, आपलं काही चुकलं की काय म्हणून. "हितून बसतो ना बाई," ती म्हणाली. "मंग दुसऱ्या गावचं कशाला काढू?"

आमच्या तीनशे माणसांमध्ये पदवीधर आहेत, वकील आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. एवढं सोपं वाक्य त्यांच्यातल्या एकाला शंभर वर्षांत बोलता आलं नव्हतं.

बाई परत फिरून आल्या. अर्ज पुन्हा उघडला. "अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचं?"

"माझं," मी पुढे होऊन म्हणालो. देवाशपथ सांगतो, मला आनंद झाला होता.

"आणि तुमचा पास कुठला?"

मी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. त्यांनी अर्ज घडी करून माझ्या हातात दिला. "हा मी घेत नाही," त्या म्हणाल्या. "एजंटची काही चूक मला दिसत नाही. आमच्या हिशेबी तुम्ही सगळे उंबरद्याचे प्रवासी आहात. इथला थांबा काढला तर कागदोपत्री तुमच्यापैकी कुणाचीच गैरसोय होत नाही."

मग त्यांनाच थोडी दया आली असावी. त्या म्हणाल्या, "माझा अहवाल तीस तारखेला जातो. तोपर्यंत इथून शंभर पास निघालेले दिसले, तर मला लिहायला काहीतरी राहील. पैसे तेवढेच पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको."

सात बारा आली आणि त्या निघून गेल्या.

पंधरा दिवस हातात होते. आमच्या गावाने त्या पंधरा दिवसांत काय केलं? व्हॉट्सअ‍ॅपवर 'दारणखेडे स्टेशन बचाव' ग्रुप काढला. त्यात मुठी आवळलेली चित्रं आली, 'आता नाही तर कधीच नाही' असं रोज सकाळी आलं. शंभर पास तर सहज होतील, तीनशे लोक आहेत, असं सगळेच म्हणत होते. आणि तीनशे आहेत म्हटल्यावर आपण एकाने उंबरद्याचा काढला तर काय बिघडतं, असंही सगळेच मनात म्हणत होते. कुणाचा पास तीन महिन्यांचा होता, तो मोडायचा कशाला? कुणाची मुलगी उंबरद्याला दिलेली, कधीतरी जावं लागतं. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे, रेल्वेने आम्हाला अटी घालाव्यातच का?

सहादू रोज चहा देताना प्रत्येकाला हळूच विचारायचा, "काढला का?" लोक म्हणायचे, "काढतो ना, उद्याच." काही जण त्याची टपरी टाळून प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायला लागले. रोज विचारून डोकं खातो, असं म्हणायला लागले.

माझं सांगतो. निवृत्त झालो तरी मी रोज नाशिकरोडला जातो. तिथल्या वाचनालयात बसतो, कारण घरी बसलेला मी कुणाला चालत नाही. माझा पास सतरा तारखेला संपला. मी नाशिकरोडच्या खिडकीवर गेलो. रांगेत उभा असताना मी पक्कं ठरवलं होतं. सहादूचा चेहरा डोळ्यांसमोर होता, पायलचाही होता. माझा नंबर आला. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कुठून?"

"उंबरदे," मी म्हणालो.

तोंडातून गेलं. एकतीस वर्षांची सवय. यंत्राने कागद बाहेर फेकला. मी म्हणू शकलो असतो, चुकलं, बदलून द्या. मागे आठ-दहा माणसं होती. आतला माणूस वैतागला असता. मी पास घेतला, घडी केली आणि खिशात टाकला. बाहेर आल्यावर मला काय वाटलं, तेही सांगतो. हायसं वाटलं.

एक तारखेला पत्र आलं. तीस तारखेपर्यंत एकूण तीन पास निघाले. सबब थांबा पंधरा तारखेपासून रद्द. तीन पास कुणाचे ते शोधायची गरज नव्हती. एक आमच्या पूजाचा. एक पायलचा. आणि तिसरा सहादूने पायलच्या मोबाईलवरून स्वतःसाठी काढलेला. त्याला कुठेही जायचं नव्हतं.

थांबा गेल्याचं कळलं तेव्हा गावाला जाग आली. म्हणजे दुःख झालं, आणि दुःखाचा कार्यक्रम करायचं ठरलं. शताब्दी समितीच 'निरोप समिती' झाली. मंडप तोच, बँड तोच, फ्लेक्सवर 'शताब्दी महोत्सव' या शब्दांवर कागद चिकटवून 'भावपूर्ण निरोप' लिहिलं. पणजोबांचा फोटो तसाच राहिला.

चौदा तारखेला सकाळची सात बारा शेवटची थांबणार होती. सहा वाजल्यापासून लोक यायला लागले. गेल्या दहा वर्षांत स्टेशनाचं तोंड न पाहिलेली माणसं नवे कपडे घालून आली. बाया नऊवारी नेसून आल्या आणि रुळाकडे पाठ करून रील काढायला लागल्या. आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की पुठ्ठ्याचं तिकीट आता कुठेच मिळणार नाही, आठवण म्हणून एक काढून ठेवू. पाच मिनिटांत खिडकीपासून शेडच्या बाहेरपर्यंत रांग लागली. ज्या खिडकीला शंभर वर्षं कुणी विचारलं नाही, तिच्यापुढे आता ढकलाढकली सुरू झाली. "चार द्या, पोरांना पण." "तारखेचा शिक्का नीट उठव रे." मीही रांगेत होतो. मी इतिहासकार, माझ्याकडे एक असायलाच हवं.

सहादूने पहिल्या माणसाला विचारलं, "जायचंय का?"

"नाही रे, आठवण."

"मंग नाय."

"अरे, पैसे देतोय ना!"

"जानाराला देतो," सहादू म्हणाला. आवाज चढवला नाही. पहिला माणूस बडबडत बाजूला झाला. दुसराही झाला. रांगेत कुजबुज वाढली, माजलाय, शेवटच्या दिवशी रंग दाखवतोय. माझा नंबर आला. मला वाटलं, मला देईल. माझी त्याची ओळख वेगळी आहे.

"सहादू, एक नाशिकरोड," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मी घरी जाऊन त्याला चार शिव्या दिल्या असत्या आणि झोपलो असतो. राग नव्हता. घाई होती फक्त.

"तुमच्याकडं पास हे, नाना," तो म्हणाला. "सरका. मागं चिमणाबाईंना गाडी धरायचीय."

मी सरकलो. माझ्यामागून चिमणाबाई पुढे झाली, तिच्यामागून बाकीच्या. एकोणीस तिकिटं त्याने फाडली. मग खिडकीचं दार आतून लावलं, बाहेर आला, कुलूप घातलं आणि किल्ली बाकावर ठेवली. टपरी त्याने आदल्या दिवशीच उतरवली होती. शेडच्या खांबाशी त्याची बायको आणि पायल उभ्या होत्या. तीन बोचकी होती. पायलच्या पाठीवर कॉलेजची सॅक होती. तिची चेन लागत नव्हती आणि आतून कुकरचं हँडल बाहेर आलं होतं.

पूजा त्यांच्याजवळ जाऊन पायलशी काहीतरी बोलत होती. पायल नुसती मान हलवत होती. गाडी आली. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. मजूर बाया चढल्या, त्यांनी वरून बोचकी ओढून घेतली, आणि सहादू बायको-मुलीला पुढे घालून चढला. नाशिकरोडहून पुढे दिंडोरीला जीप मिळते. पूजाही त्याच डब्यात चढली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

गाडी सुटल्यावर अमितशेठने माईक हातात घेतला. "आणि आता," तो म्हणाला, "ज्यांनी इतकी वर्षं या स्टेशनाची अखंड सेवा केली, त्या सहादूभाऊंचा आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहोत. सहादूभाऊ, या पुढे."

कुणी पुढे आलं नाही. "कुठे गेला?" अमितशेठने माईक हाताने झाकून विचारलं. कुणीतरी गाडीच्या दिशेने बोट केलं. मंडपात लोक बसलेले, बँड थांबलेला, ताटात शाल उघडून ठेवलेली. अमितशेठने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.

"तर मग आपल्या स्टेशनाचा इतिहास ज्यांनी लिहिला," तो म्हणाला, "त्या आदरणीय नानांचा सत्कार करू या. नाना, या."

टाळ्या सुरू झाल्या. शाल चांगली होती, लोकरीची. मी उठलो, पुढे गेलो आणि मान वाकवली.